बकुळाची पाटी

भोईवाड्यातल्या चाळीत तळमजल्यावर बालवर्ग भरायचा. तो चालवणाऱ्या पद्मजाबाई गिरगावातून ट्रामने यायच्या. सहा वर्षांत त्यांच्या हाताखालून कितीतरी पोरं 'ग म भ न' शिकून गेली होती, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

त्या दिवशी वर्गाचा खर्च उचलणाऱ्या मंडळाचे हेरंबराव वर्ग पाहायला येणार होते. प्रत्येक पाटीवर ठळक 'ग' हवा, असं बाईंनी बजावलं होतं. पाच वर्षांच्या बकुळानं मात्र पाटीच्या दोन्ही बाजू नागमोडी रेघांनी भरून टाकल्या होत्या. तिनं पाटी पुढे केली. बाईंनी ओल्या फडक्यानं ती पुसली आणि त्या म्हणाल्या, "हे गिरगटणं पुरे. 'ग' काढ." बकुळा रडली नाही. तिनं 'ग' काढला आणि हेरंबरावांनी तो वाखाणलाही.

शनिवारी तिची आई जाईबाई आली. बकुळाचे वडील, रामजी, संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडले गेले होते, त्याला दोन महिने होत आले होते. उद्या तुरुंगातल्या भेटीचा दिवस होता.

"बाई, पोरीनं बापाला पत्र लिवलंय म्हणे. तुमच्याकडं दिलंय म्हणती. मला काय वाचता येत नाही, पण तेवढं न्यायचं होतं."

बाईंना ती पुसलेली पाटी आठवली. खरं सांगायला जीभ रेटेना. त्यांनी आत जाऊन कागदावर चार ओळी खरडल्या. मी शाळेत जाते, शहाण्यासारखी वागते, तुम्ही काळजी करू नका. घडी घालून त्यांनी कागद जाईबाईच्या हातात दिला.

सोमवारी बकुळा वर्गात आली ती थेट बाईंपाशीच. बाबांना पत्र आवडलं, पण तिनं लिहिलेल्या मांजरीबद्दल ते काहीच बोलले नाहीत, असं आईनं तिला सांगितलं होतं. ते बाबांनी वाचलंच नाही का, हे तिला विचारायचं होतं.

आता मात्र बाईंना राहवेना. त्या तिच्यासमोर फरशीवरच बसल्या. "बकुळा, ते पत्र मी माझ्या मनानं लिहिलं. तुझं मी पुसून टाकलं होतं."

"ते मी बघितलं. पण पुसायच्या आधी तुम्ही वाचलंत ना?"

"नाही गं. मला ते वाचता आलं नाही."

बकुळा त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. बाईंना वाचता येत नाही, याचं तिला नुसतं नवल वाटलं होतं. मग तिनं पाटी घेतली, पुन्हा तशाच रेघा ओढल्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचून दाखवलं. मांजर कोळशाच्या टोपलीत व्याली. दोन पिल्लं आहेत. पांढरं तुमचं. आई रात्री जेवत नाही. बाईंनी शब्दन् शब्द कागदावर उतरवला. शेवटच्या ओळीशी त्यांचा हात थांबला, पण त्यांनी तीही लिहिली.

पुढच्या भेटीत रामजीनं ते पत्र तुरुंगातल्या सोबत्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि बायकोला दोन्ही वेळा जेवायची शपथ घातली. दिवाळीपर्यंत बकुळा अक्षरं जुळवून लिहू लागली. बाईंना रेघा वाचता येत नाहीत, हे तिनंच वर्गभर सांगून ठेवलं होतं. त्यामुळे पोरं आता पाटी आणली की आधी वाचून दाखवत. बाई मान डोलावून ऐकत, आणि सहा वर्षांत आपण न ऐकता किती पाट्या पुसल्या याचा हिशेब त्यांना काही केल्या लागत नसे.