अंगठ्यांचं रिंगण

व्होल्टेज उतरलं की कुरखेड्याच्या सेतू केंद्रातल्या संगणकाचं चित्र चारही कडांनी बोटभर आत सरकत असे आणि अक्षरं कापू लागत. मग केंद्र चालवणारी रीता हात मांडीवर घेई आणि चित्र पुन्हा पसरेपर्यंत कुणाशी बोलत नसे. आत्ताही ती तशीच बसली होती. टेबलापलीकडे जवळच्या गावाहून आलेली गोकुळा आणि तिथल्या मासेमार सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष दादाजी उभे होते.

गावचा तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं ठरलं होतं. हरकतीची मुदत आज संपत होती, आणि हरकत आता कागदावर चालत नव्हती. संगणकातूनच मुंबईला जायला हवी होती. तलाव गेला तर मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांना स्वतःच्याच पाण्यात ठेकेदाराचं जाळं मजुरीने ओढावं लागणार होतं.

दादाजींनी तरी कागद आणलाच होता. मधोमध मजकूर, भोवती अंगठ्यांचं रिंगण. गावची रीतच तशी होती. पहिला कुणी नाही, शेवटचा कुणी नाही. कुणा एकाला उचलता येत नाही.

"मशीनले गोल समजत नाई, भाऊ," रीता म्हणाली. "त्याले एक मानूस पायजे."

"मागच्या बारीले तं घेतलं होतं," दादाजी म्हणाले.

मागच्या वेळी तलावाच्याच अर्जात दादाजींच्या सांगण्यावरून रीताने नावाच्या जागी 'समस्त' आणि आडनावाच्या जागी 'गावकरी' लिहिलं होतं. संगणकाने ते मुकाट्याने घेतलं. पंधरवड्याने उत्तर आलं : चौकशीत श्री. समस्त गावकरी गावात आढळून आले नाहीत, सबब प्रकरण निकाली. गाव पोट धरून हसलं. गावातल्या कलाबाईने तर त्याला शोधायला आपलं जाळं देऊ केलं. मग ठेकेदाराची माणसं तलावाची पाळ पाहून गेली आणि हसणं थांबलं.

"तुमचंच टाकतो ना मंग. अध्यक्ष काऊन झाले?" रीताने विचारलं.

दादाजींनी सुना-नातवंडांचं सांगितलं, मग गुडघ्यांचं. गोकुळाला संताप आला, पण त्यांना काय बोलणार? येताना वाटभर तिनेही मनात अशीच कारणं जुळवली होती. तिच्या नवऱ्याने, सुरेंद्रने, एकदा पुलाच्या अर्जावर एकट्याने सही केली होती. आधी पोलिसांनी नेलं. हे तुला कुणी शिकवलं, असं विचारलं. सुटून आला तर जंगलातल्या नक्षल्यांनी नेलं. ठाण्यात काय सांगितलंस, असं विचारलं. मारलं कुणीच नाही. पुढे तो मिरची तोडायला आंध्रात गेला आणि तिकडेच राहिला. पूल अजून झालेला नव्हता.

मुंबईत ज्याने नावाची ही चौकट आखली, त्याला नाव लिहिणं हा अर्जातला सगळ्यांत सोपा भाग वाटला असणार.

लाइट गेली. टेबलाखालची बॅटरी टीं-टीं करू लागली. ती फार वेळ तग धरणार नव्हती, आणि लाइट पुन्हा कधी येईल ते रीतालाही सांगता येईना. दादाजी कागदाची घडी घालू लागले. सकाळी येऊन पाहू, म्हणाले.

"सकाळी काय पाहान, भाऊ?" रीता वैतागून म्हणाली. "सकाळी तलाव त्याचा."

गोकुळाने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्या टेबलाशी बसली.

"माह्यं लिव, बाई," ती म्हणाली. "गोकुळा सुरेंद्र वाघाडे."