ट्यूबला कुणी औषध म्हणतं?

तपासणीच्या बाई आल्या तेव्हा मी दुधाच्या टाकीचं झाकण पुसत होते. सरकारी माणूस दारात दिसला की आमचे हे लगेच पाइप घेऊन गोठा धुवायला लागतात आणि बोलणं माझ्या गळ्यात टाकतात. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे जमून जातं.

बाईंनी टाकीतलं दूध नळीत घेतलं, त्यात कागदाची पट्टी बुडवली. पट्टीवर दुसरी रेघ उमटायला हवी होती. ती उमटलीच नाही.

"दुधात अँटिबायोटिक आहे. कुठल्या गाईला औषध चालू आहे?"

"एकीलाही नाही. कर नाही त्याला डर कशाला?"

बाईंनी कचऱ्याच्या डब्यातून एक रिकामी ट्यूब उचलून माझ्यापुढे धरली.

"अहो, ती होय! ढवळीची कास सुजली होती, म्हणून ह्यांनी सडात ट्यूब सोडली. औषध म्हणजे इंजेक्शन, गोळ्या. ट्यूबला कुणी औषध म्हणतं?"

मी खरंच तसं समजत होते. बाईंनाही ते पटलं असावं, कारण त्यांचा आवाज जरा निवळला. "चुकून झालं असेल तर आजचं दूध ओतायचं आणि तुम्हाला समज द्यायची. मुद्दाम केलं असेल तर परवाना जातो."

परवाना गेला तर गाई विकाव्या लागणार. दुसरं काही आम्हाला येत नाही.

बाई ह्यांच्याकडे वळल्या. "ट्यूब देताना डॉक्टर काही बोलले नव्हते? दूध वेगळं काढा वगैरे?"

"छे, काहीच नाही," हे फरशीकडे बघत म्हणाले.

मला एकदम आठवलं. ट्यूब सोडली त्याच दिवशी हे मला म्हणाले होते, "नातीसाठी काळीचंच दूध काढत जा, पचायला हलकं असतं." आजोबांना केवढी काळजी, म्हणून मला कौतुक वाटलं होतं! आता त्या कौतुकाची शिसारी आली.

मी गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं.

"बाई, ह्यांना माहीत होतं," मी म्हणाले. "नातीला तेवढं दुसऱ्या गाईचं दूध द्यायला सांगितलं होतं ह्यांनी."

ह्यांच्या हातातला पाइप गळून पडला. "अगं, तुला कळतंय का? सगळं जाईल आपलं!"

"कळतंय. पण टाकीतलं दूध पिणाऱ्यांना नाती नाहीत का हो?"