भिंतीबाहेरचं बाळ

शनिवारी सकाळी सुतार अंगणात चर्चच्या बाकाचा मोडका पाय बसवत होता आणि आत त्याची लेक शिलाई मशीन चालवत होती. शेजारी कपड्यांच्या टोपलीत तिची सव्वीस दिवसांची मुलगी झोपली होती. नाक हुबेहूब आजोबांचं. "एवढं तरी तुमच्यावर जायला नको होतं," असं सुताराची बायको म्हणायची. महिनाभरात त्या घरात तेवढाच काय तो विनोद झाला होता.

लग्नाआधी आई झालेल्या बाईनं रविवारी सगळ्या मंडळीपुढे आपलं पाप कागदावरून वाचायचं, असा त्या चर्चचा नियम होता. तोवर बाळाला बाप्तिस्मा नाही. आणि बाप्तिस्म्याविना बाळ दगावलंच, तर त्याला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरायचं. हे बायबलात कुठेही लिहिलेलं नाही. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळाच्या वहीत मात्र होतं, आणि सुतार त्या मंडळात होता. बाळाचा बाप दर रविवारी गायकांच्या पहिल्या रांगेत उभा राहून गायचा. त्याच्या हाती कुणी कागद दिला नव्हता.

"उद्या वाचून टाक, सुटशील," सुतार दारातून म्हणाला. "चार ओळी तर आहेत. मीच लिहिल्यात."

"माझं चुकलं ते मी देवाला रोज सांगते, बाबा. पण तो समोर गात उभा असताना मी एकटीच नाही वाचणार."

"नियम आहे."

"तुम्ही पिऊन झिंगत प्रार्थनेला यायचात, तेव्हा तुम्हाला कुणी कागद दिला होता?"

प्रश्न खरा होता, म्हणून सुताराला राग आला. एकोणीस वर्षांपूर्वी चर्चच्या जुन्या पाळकांनी त्याला काही न विचारता घरी नेऊन जेवू घातलं होतं. तेव्हापासून बाटली सुटली. "मी नवा माणूस झालो," अशी साक्ष तो दरवर्षी द्यायचा आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. नवा माणूस लेकीकडे पाठ करून पुन्हा ठोकाठोकीला बसला.

रविवारी लेकीनं कागद वाचला नाही. मंगळवारी बाळ तापानं फणफणलं. बुधवारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी मान हलवली, तशी लेक बापाच्या हाताला धरून म्हणाली, "पाळकांना आणा, बाबा. बाप्तिस्म्याला थेंबभर पाणी तर लागतं."

सुतार धावत गेला. पाळक नवे होते, घाबरट होते, पण मनाचे वाईट नव्हते. "तुम्ही वडीलमंडळातले. तुम्ही हो म्हणा, मी असाच निघतो," ते म्हणाले.

स्वतःच्या घरासाठी नियम वाकवला, असं लोक म्हणतील! सुताराच्या तोंडून निघून गेलं, "नियम सगळ्यांना सारखा. आधी तिला वाचू दे."

तो परतला तेव्हा बाळ गेलं होतं.

पेटी त्यानंच केली. हातभर फळी पुरली. भिंतीबाहेर मंडळीतलं कुणी आलं नाही. फक्त एक धोबीण आली आणि लेकीला जवळ घेऊन उभी राहिली. आजूबाजूला लहान लहान उंचवटे होते.

"तुझं कुठलं गं?" सुतारानं विचारलं.

"ते काय, कोपऱ्यातलं. जागा तुम्हीच दाखवली होतीत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. सुतार कोपऱ्यातल्या त्या उंचवट्याशी जाऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला.

रविवारी गाणं संपताच तो पुढे जाऊन उभा राहिला.

"लेकीसाठी लिहिलेला कागद मी फाडला. आता माझं पाप ऐका. एकोणीस वर्षं मी नवा माणूस म्हणून मिरवलो. अहो, माझी नुसती दारू उतरली होती! नातीसाठी थेंबभर पाणी मागायची वेळ आली, तेव्हा मी माझं नाव जपलं. हा नियम मी यापुढे पाळणार नाही आणि कुणावर लादूही देणार नाही. ज्या बायकांना मी इथे उभं केलं, त्यांनी जमलं तर मला माफ करावं."

कुणी 'आमेन' म्हटलं नाही. मागच्या बाकावरची धोबीण तेवढी उठून उभी राहिली.

घरी लेक रिकाम्या टोपलीत कपड्यांच्या घड्या ठेवत होती.

"मी सगळ्यांसमोर सांगितलं, बाळा," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं नाही.

"बुधवारी नुसतं हो म्हणायचं होतंत, बाबा."