न पाळलेलं सुतक

"घाबरू नकोस. हे आता रोजचंच होऊन राहिलं," शामलाकाकू म्हणाल्या आणि पदराने नवऱ्याचे डोळे पुसू लागल्या.

कृष्णकांत पार हबकला होता. प्राध्यापक वामनराव खाटेवर बसून लहान पोरासारखे हुंदके देत होते. "बाळ कुठे गेला? जेवला नाही तो अजून," एवढंच पुन्हा पुन्हा. बाळ म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. तो तापाने गेला, त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती.

चौऱ्याहत्तर सालच्या नागपुरात ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान शिकायला कोण मरायला जातो? कृष्णकांत गेला. विणकराचं पोर! वस्तीतले लोक विचारत, "हे ग्रीस कुठं हाय गा, उमरेडच्या पुढं?" पण वामनरावांनी त्याला स्टोइक मंडळींचं वेड लावलं. जे आपल्या हाती नाही त्याचं दुःख करू नये, असं ती मंडळी सांगायची. वामनराव नुसतं शिकवत नव्हते, त्यांनी करून दाखवलं होतं. मुलगा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्ग घेतला होता आणि आवाज जराही कापला नव्हता, हे विभागातल्या शिपायालाही पाठ होतं.

म्हणून कृष्णकांतचा बाप रामाजी मागावर बसल्या बसल्या गेला, तेव्हा या शहाण्याने काय करावं? चितेला अग्नी दिला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसला. सुतक पाळलं नाही, दहाव्याला डोकं भादरलं नाही. सगळं धाकट्या शालिकरामने केलं. भाऊबंद थुंकले. आई, सुभद्रा, ताट वाढायची, पण 'जेवला का' हे विचारणं तिने तेव्हापासून सोडलं. कृष्णकांत मनाशी म्हणायचा, स्टोइकांवरचा प्रबंध पुरा होऊ दे, मग कळेल सगळ्यांना की मी चुकलो नव्हतो.

आज तो शेवटचं प्रकरण सरांना वाचून दाखवायला आला होता.

"काकू, पण तेव्हा तर सरांनी दुसऱ्याच दिवशी वर्ग घेतला होता ना?"

"घेतला की. घरात बसवत नव्हतं त्यांना. बाळच्या चपला दारातच होत्या," काकू म्हणाल्या. "कॉलेजातून आले ते न्हाणीघरात शिरले. आत नळ सोडून बसले संध्याकाळपर्यंत. मी बाहेरून दार वाजवत राहिले. तत्त्वज्ञान कसलं रे! रडायचं कसं, तेच कळत नव्हतं त्या माणसाला."

कृष्णकांतने कागद पिशवीत घातले. सरांच्या पाया पडला, तर सर म्हणाले, "बाळ, जेवून जा."

इतवारीच्या कोपऱ्यावर कडुलिंबाखाली एक न्हावी बसायचा. कृष्णकांत त्याच्यासमोर जाऊन बसला. "सगळे काढून टाक."

"कोण गेलं गा?"

"बाप."

"कवा?"

"चार वर्षं झाली."

न्हाव्याने हातातला वस्तरा खाली घेतला. "मंग आता काहून?"

कृष्णकांतने मान पुढे वाकवली. न्हाव्याने त्याच्या डोक्याला पाणी लावलं.

सुभद्रा ओसरीवर चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. पोराचं भादरलेलं डोकं पाहून ती दचकली. "कोण गेलं रे? शालिक बरा हाय ना?"

"बाबा गेले वं माय," कृष्णकांत म्हणाला आणि खांबाला धरून ढसाढसा रडू लागला.

सुभद्राने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"माह्यं रडून झालं रे," ती म्हणाली. "शालिकचंबी झालं. आता तुह्यासंगं कोण बसन?"

दचकताना तिच्या हातून सूत तुटलं होतं. तिने त्याची टोकं शोधून गाठ मारली आणि चरखा फिरवायला घेतला.