पूजेतला कोयता

नवरात्राची सातवी माळ होती. पोलीस पाटील तात्याराव ओसरीवर चहा घ्यायला बसले होते अन् मी देवघरात अखंड दिव्याला तेल घालत होते. नऊ दिवस दिवा सोडून घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा माझा नेम. बाहेरचं बोलणं तिथं सगळं ऐकू यायचं.

मालकांनी रानडुकरांसाठीचा भाला पुढं ठेवला.

"तात्याराव, हे घेऊन मानवतच्या बाजाराला गेलो तर?"

"गेलात की आत! भाला, तलवार, जांबिया रस्त्यानं न्यायला मनाई हाय. अन् डुकराच्या शिकारीलाबी आता परवाना लागतो, दत्तराव."

"मग ते आमच्या ज्वारीत शिरतंय, ते कुणाच्या परवान्यानं?"

दोघंही हसले. मला बरं वाटलं. यांच्या चुलतभावानं, बन्सीधरनं, बांधावरून भांडून चार माणसांत यांना चपलेनं मारलं, तेव्हापासून हे हसलेच नव्हते.

"अन् बाभळी तोडायचा कोयता?"

"ते शेतीचं हत्यार. त्याला कोण अडवतंय?"

"हातभर पात्याचा असला तरी?"

"असंना का. शेताकडं निघालात, म्हंजी झालं."

"वाटंत बन्सीधरच्या शेतातला आखाडा लागतो, त्याचा गोठा."

"लागू द्या की," तात्याराव बशी खाली ठेवत म्हणाले.

मी तेलाची बुधली खाली ठेवून कान दिला. तात्यारावांना वाटलं, कायदा पाळणारा माणूस भेटला.

ते गेल्यावर यांनी भाला आढ्याला अडकवला अन् ओल्या दगडावर कोयता घासायला घेतला.

"बाभळी तर मागंच तोडल्यात ना?" मी हळूच विचारलं.

"तू तुजा दिवा बघ."

हे आंघोळीला गेले, तसा मी कोयता उचलला. घटापुढं ठेवला, हळद-कुंकू लावलं, पात्यावर झेंडूचं फूल वाहिलं. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत आमच्या घरात कुणी उचलत नाही.

हे ओल्या अंगानंच दारात उभे राहिले.

"खंडेनवमी परवा हाय."

"यंदा हत्याराची पूजा आधीच मांडली."

त्यांनी कोयत्याकडं पाहिलं. मग हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला.

"उत्तरपूजा कवा उरकंल?"

"दसऱ्याला. दुपारपर्यंत."

"बरं झालं," हे मऊ आवाजात म्हणाले. "दसऱ्यालाच जातो मग. बन्सीधरला सोनं द्यायचंच हाय."

अन् कपाळाला गंध लावून जेवायला बसले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी भाकरी मागून घेतली.

ते जेवून ओसरीवर आडवे झाले. मी दिव्यात काठोकाठ तेल ओतलं. बन्सीधरच्या बायकोशी, सगुणाबाईंशी, आमचं बोलणं बंद होतं. दिव्याला हात जोडले अन् मागच्या दारानं त्यांच्या घराकडं निघाले. ज्योत हलली, तरी मी मागं वळले नाही.