करंगळीएवढ्या नळीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना कणत्वरक आहे आणि करंगळीएवढ्या एका नळीवर जळतो.

दक्षिण मुंबईतल्या एका प्रयोगशाळेच्या तळघरात मी बारा मीटर पसरलो आहे. माझे तांब्याचे डबे लालबागच्या रमाकांतकाकांनी इथल्याच लेथवर कातले. इलेक्ट्रॉनांना पळवणे हे माझे काम. सेकंदाला पन्नास वेळा, गेली वीस वर्षे, कुरकुर न करता.

मग ही आली. नीलमण्यात कोरलेली नळी. तिच्यात वायू भरून लेसरचा ठोका मारला, की वायूतले इलेक्ट्रॉन सुटे होऊन त्याचा प्लाझ्मा होतो आणि त्यात लाट उसळते. माझ्या बारा मीटरांत मिळणारी ऊर्जा इलेक्ट्रॉनांना त्या लाटेवर करंगळीभर अंतरात मिळते.

"काका, काय दम आहे हिच्यात!" संशोधक लिली मॅडम म्हणाल्या. माझ्याबद्दल असे कधी कोणी म्हटले नव्हते. अंगाची आग आग झाली.

ठरले असे, की शुक्रवारी तिने सेकंदाला दहा ठोके झेलले, तर मला खोलून भंगारात काढायचे. मी मनात म्हणालो, फुटू दे मेली.

पहिला ठोका झकास गेला. दुसरा पडला तेव्हा आतला प्लाझ्मा तापलेला, ढवळलेलाच होता. लाट नीट उठेना, इलेक्ट्रॉन पांगले. मॅडमना वाटले जोर कमी पडतोय. त्यांनी लेसर आणखी वाढवला.

"मॅडम, थांबवा!" रमाकांतकाका ओरडले. "दम आसा तिच्यात, पण आता तिका दम लागलोहा! जरा दम खाऊंदे!"

मॅडमनी लेसर बंद केला. नळीला आतून चरे पडले होते. मला लाज वाटावी इतका आनंद झाला. लाज मात्र वाटली नाही.

आता नवी नळी बसवली आहे. तिला दर ठोक्यानंतर पाच सेकंद विश्रांती देतात. मी वाचलो, पण मॅडमनी मला तिच्या मागे जोडले. मी इलेक्ट्रॉन धाडायचे, तिने त्यांची ऊर्जा वाढवायची. तिच्यासाठी मीही पाच सेकंद ताटकळतो. कौतुक अर्थातच तिचे होते.

मॅडम रोज तिची विश्रांती थोडी कमी करून पाहतात. परवा ती चार सेकंदांवर आली. ज्या दिवशी तिला विश्रांती लागणार नाही, त्या दिवशी ती प्लाझ्मातलेच इलेक्ट्रॉन घेऊन सगळे काम एकटी करेल आणि माझी गरज संपेल. तरी मी तिला एकही इलेक्ट्रॉन वाकडा धाडलेला नाही.

मित्रांनो, तिला जपा, घाई करून तिला फोडू नका. आणि मला खोलायला याल तेव्हा एवढे कराच, त्या दिवशी तिचे कौतुक माझ्यासमोर करू नका.