पुठ्ठ्याच्या घरातला धूर

माझी सून ठकू खोकून खोकून अर्धी झाली, तवा तिचा बा सावळाराम शिवऱ्याहून आला आन् तिला घेऊन गेला. जाताना बोलला, सयपाकघरातला धूर जाईस्तवर लेक धाडायचो न्हाई. मला लई राग आला. आमी काय धूर खाऊनच म्हाताऱ्या झालो न्हाई व्हय? पर ठकूबिगर घर खायला उठायचं, हे बी खरं.

त्याच हिवाळ्यात, एकाहत्तर साली, पुण्याची कालेजातली पोरं आमच्या वेल्ह्यात आली. घरं बांधायची विद्या शिकणारी, पयल्याच वर्साची. त्यांच्या सरांनी माझं सयपाकघर पायलं आन् हेच सुधरून दाखवा म्हणाले. विभा नावाच्या पोरीनं माझं घर बारकं, पुठ्ठ्याचं करून दावलं. काय सांगू, उंबरा सुदिक होता त्याला. पश्चिमेच्या भिंतीत तिनं वरच्या अंगाला गोल खिडकी पाडली, तोरणा गड दिसावा म्हणून. लई देखणी.

सरांनी चुलीच्या जागी उदबत्ती लावली आन् आमच्याकडं वारा येतो तसा पश्चिमेकडनं सुपानं वारा घातला. सगळा धूर मागं फिरून आतच कोंडला. पोरीचं तोंड उतरलं. सर शांतपणे म्हणाले, “आधी सुंदर घर आणि मग वारा, असं नसतं. दोन्ही एकाच रेघेत काढायचं.”

पोर हटली न्हाई. खिडकी खाली आणली, आढ्याला फट ठेवली, पावसासाठी तिच्यावर छोटं छप्पर चढवलं. पुन्हा उदबत्ती, पुन्हा सूप. आन् धूर उभाच्या उभा वर निघून गेला. माझ्या अंगावर काटा आला. वाऱ्याला असं वळण लावताना म्या जन्मात कुणाला पायलं न्हवतं. म्या त्या पुठ्ठ्याच्या घराला हात जोडले. पोरं हसली. हसू देत.

मग सुताराकडनं माझं आढं तसंच करून घेतलं, खिडकी पाडली आन् शिवऱ्याला सांगावा धाडला.

सावळाराम लेकीला घेऊन आला, पर तिचं गाठोडं काखेत धरून दारातच उभा ऱ्हायला. ठकू चुलीपाशी बसली. चूल फुंकताना आमी बायका डोळं गच्च मिटतो, पोरपणापास्नं. तिनं बी मिटलं. जाळ धरला, धूर वर गेला, तरी ही आपली मिटूनच.

म्या म्हटलं, “उघड, ठकू. कायबी झोंबायचं न्हाई.”

तिनं भीत भीत डोळं उघडलं आन् चुलीकडं बघतच ऱ्हायली.

“आत्याबाई,” ती हळूच म्हणाली, “जाळ धरताना असा दिसतो व्हय?”

मला बी कुठं ठावं होतं? आढं नवं झालं तरी म्या बी सवयीनं डोळं मिटूनच फुंकायची. आमी दोघी बघत बसलो. सावळारामानं गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं.